रोजा, साखरेच्या गोळ्या आणि शेजारच्या काउंटरवरचे भाईजान

दवाबाजारवाला, इंदूर

मंडळी, नमस्कार. मी इंदूरचा, राहायला लोकमान्य नगरात. दवा बाजारातल्या एका होलसेल दुकानात वीस वर्षं काउंटरवर आहे. माझ्या शेजारचा काउंटर ज्यांच्याकडे आहे त्यांना आम्ही सगळे भाईजान म्हणतो. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. रमजानचे सगळे रोजे ठेवतात. दुपारी चारनंतर त्यांचं बोलणं कमी होतं, पण बिलात कधी एका पैशाची चूक नाही. मी त्यांच्यासमोर डबा उघडायला संकोचतो आणि मागे गोदामात जाऊन खातो, तर तेच रागावतात. म्हणतात, इथेच बसून जेव, तुझ्या जेवण्याने माझा रोजा जात नाही.

आमच्याकडेही उपास आहेत. आईची एकादशी, बायकोची संकष्टी, माझा सोमवार. पण साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वर बटाट्याचा कीस. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आमच्याच घराकडे बघून केली असावी असं आईच म्हणते. म्हणून पाण्याचा थेंबही न घेता महिनाभर राहणं माझ्या डोक्यात बसत नाही.

विचारायचं कारण वेगळं आहे. भाईजानना दोन वर्षांपासून साखर आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेतात, मीच काढून देतो. मागच्या रमजानमध्ये सकाळची गोळी ते सहरीच्या वेळी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधी पहाटे खातात तेव्हा, घेत होते, स्वतःच्या मनाने. एक दिवस पाच वाजता त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरत होते, तरी 'गर्मी आहे' म्हणून बसून राहिले. आता रमजानला दोन महिने आहेत आणि मला तो घाम आठवतोय. मी काही बोललो तर त्यांच्या धर्मात नाक खुपसल्यासारखं होईल का? रोजाने तब्येत खरंच सुधारते का? आणि जे ठेवतात त्यांना आतून काय मिळतं? वाद नको, अनुभव हवा.

---

रामबागकर

आमच्याकडेही निर्जळी उपास आहेतच की. ज्येष्ठातली निर्जला एकादशी आहे, हरतालिका आहे. माझी आजी हरतालिकेला पाणी घेत नसे आणि रात्रभर जागायची. तेव्हा हे आपल्याला अगदीच परकं नाही.

तब्येतीचं म्हणाल तर सोळा तास उपाशी राहिलं की शरीर स्वतःचा कचरा स्वतःच खाऊन टाकतं, कॅन्सरच्या पेशीसुद्धा, असं वाचलंय. त्यावर नोबेल मिळालंय. म्हणजे विज्ञानानेच शिक्का मारला.

---

चिपळूणची लेक

दवाबाजारवाले भाऊ, तुमचा प्रश्न कालपासून दोनदा वाचला. उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी कोकणी मुसलमान. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत, नर्सिंग मिरजेला, आणि 1987 साली लग्न होऊन इंदूरला आले. खजरान्यात घर. नाहरशाह वलींच्या दर्ग्याची वर्दळ ओळखीची आणि तीळचतुर्थीच्या दिवसांत गणपतीच्या यात्रेची गर्दीही. तीस वर्षं वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त आहे.

सासरी पहिला पूर्ण रमजान 1988चा, एप्रिल-मेमधला. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून जागेवर येतो. माझा तो एप्रिलचा रमजान मला 2021 मध्ये परत भेटला. मधे थंडीतले झाले, पावसातले झाले. इंदूरला मार्चमध्ये रोजा तेरा-साडेतेरा तासांचा असतो, मेअखेरीस जवळजवळ पंधरा. हे दीड तासच खरे असतात.

आतून काय मिळतं ते आधी सांगते.

उन्हाळ्यातली दुपारपाळी होती. औषधांच्या खोलीत कोपऱ्यात माठ, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. मी इंजेक्शनची ट्रे घ्यायला आत गेले आणि सवयीने ग्लास बुडवला. ग्लासाच्या बाहेरून पाणी ओघळून मनगटावर आलं, ते इतकं गार होतं की मी तिथेच थबकले. विसरून प्यायले असते तर रोजा गेला नसता. विसरून खाल्लं-प्यायलं तर ते माफ आहे, लक्षात आलं की थांबायचं, एवढंच. पण मला आठवण होती. दार लोटलेलं, खोलीत कोणी नाही, बाहेर आल्यावर कोणी विचारणारं नाही. मी ग्लास माठात रिता केला आणि मनगट तसंच ओलं ठेवून ट्रे घेऊन बाहेर आले. भाऊ, रोजा म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. नमाज लोकांना दिसते, हज दिसतो, जकात, म्हणजे गरिबांसाठीचं सक्तीचं दान, घेणाऱ्याला दिसते. रोजा ठेवला की नाही हे फक्त दोघांना माहीत असतं.

कुरआनात दुसऱ्या सूऱ्यात (अध्यायात), 183व्या आयतीत (वचनात) म्हटलंय की तुमच्या आधीच्या लोकांवर रोजे होते तसे तुमच्यावरही आहेत, म्हणजे तुमच्यात तकवा यावा. अल्लाह बघतोय ही जाण ठेवून स्वतःला सावरणं, याला तकवा म्हणतात. हिजरतीच्या, म्हणजे पैगंबरसाहेब मक्केहून मदिनेला गेले त्याच्या, दुसऱ्या वर्षी, इसवी सन 624 मध्ये, हे रोजे फर्ज (बंधनकारक) झाले. रोजासाठी अरबीत शब्द आहे सौम, त्याचा अर्थ थांबणं, आवरणं. त्यात उपाशी राहणं असा शब्दच नाही.

आवरायचं फक्त तोंडात जाणारं नाही. एकदा रोजात मी एका आयाबाईंवर पेशंटसमोर ओरडले. चादर बदलली नव्हती, एवढंच. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं तर त्या गप्प बसल्या आणि मग बुखारी या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांचं वचन, सांगितली: जो खोटं बोलणं आणि तसं वागणं सोडत नाही, त्याने खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला काही गरज नाही. मी दुसऱ्या दिवशी त्या बाईंची माफी मागितली. तीस दिवस असं स्वतःवर लक्ष ठेवलं की ईदनंतर निदान दिवाळीपर्यंत तरी जीभ ताब्यात राहते, हा माझा अनुभव.

भुकेल्याचं दुःख कळतं असंही म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मला सकाळपासून ठाऊक असतं की मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानला खजूर हातात येणार आहे. ज्याला तेच ठाऊक नसतं त्याची भूक वेगळी. म्हणून तर ईदच्या नमाजेआधी गरिबांना फितरा (ईदचं दान) द्यायचा, त्या दिवशी कोणाच्या घरी चूल थंड राहू नये.

रामबागकर भाऊ, आता नोबेलचं. योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञांना 2016 साली ते मिळालं, पेशी स्वतःचे मोडके भाग कसे पचवून परत वापरतात हे शोधल्याबद्दल. त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून केलेलं. माणसाने अमुक तास रोजा ठेवला की कॅन्सर जातो असं त्यात कुठेही नाही. आमच्याच घरच्या ग्रुपवर हे दर रमजानला फिरतं आणि मी दरवर्षी हेच लिहिते. वॉर्डात कॅन्सरचे पेशंट सांभाळलेत मी. त्यांच्यापैकी कोणी हे वाचून औषध सोडलं तर?

खरा फायदा आहे, पण तो साधा आहे. शेवटच्या जेवणानंतर काही तास शरीर यकृतात साठवलेली साखर वापरतं, ती सरत आली की चरबीकडे वळतं. वजन किलो-दीड किलो उतरतं, आणि बहुतेकांचं ईदनंतर परत चढतं. विडी-सिगरेटवाल्यांना दिवसभर न ओढता राहता येतं हे त्यांचं त्यांनाच कळतं. माझ्या दिरांनी रमजानमध्ये सोडलेली तंबाखू परत धरली नाही, त्याला अकरा वर्षं झाली. पण संध्याकाळी भजी, समोसे, रूह अफ्जाचे दोन ग्लास आणि सहरीला दुधात साखर घालून फेनी (शेवयांसारखा पदार्थ), असं असेल तर तब्येतीचं नाव घेऊ नये. पैगंबरसाहेब थोडे खजूर आणि पाणी यावर रोजा सोडत आणि नमाज पढत. त्या मधल्या दहा मिनिटांत पोटाला कळतं की आता अन्न आलंय, मग माणूस ताटावर तुटून पडत नाही. आमच्याकडे तीच रीत आहे. सहरीला ज्वारीची भाकरी, दही, एक अंडं. सहरी टाळायची नाही. तिच्यात बरकत आहे असं हदीसमध्येच आहे.

आणि आता तुमच्या भाईजानबद्दल. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते.

2018चा रमजान 17 मेला सुरू झाला. नववा रोजा शुक्रवारी होता. आमचे हे तेव्हा सियागंजात मुनीम होते, साखर बारा वर्षांची जुनी. जुम्म्याची नमाज करून घरी आले, पंख्याखाली आडवे झाले. असरनंतर, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजेनंतर, मी उठवायला गेले तर कुर्ता पाठीला चिकटलेला, कपाळ थंडगार, आणि मला ते माझ्या नावाऐवजी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते. साखर तपासायचं मशीन काढलं. बोटाला टोचलं तर रक्ताचा थेंब येईना, दाबून काढला. 48.

मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळली. त्यांनी ओठ मिटून घेतले. म्हणाले, दीड तास तर राहिलाय. तीस वर्षं शेकडो पेशंटना औषध पाजलं, पण स्वतःच्या नवऱ्याच्या मिटलेल्या ओठांना चमचा लावताना माझा हात कापत होता. अर्धं पाणी कुर्त्यावर सांडलं. सून धावत आली, तिने डोकं धरलं. पंधरा मिनिटांनी परत टोचलं तेव्हा 81 होतं. शुद्धीत आले आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. अशक्तपणाचं रडणं नव्हतं ते. नवव्या वर्षापासून एकही रोजा मोडला नव्हता म्हणून रडत होते.

रात्री तरावीहनंतर, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजेनंतर, इमामसाहेब घरी आले. त्यांनी उपदेश केला नाही. पुढच्याच दोन आयती वाचल्या, 184 आणि 185. जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्याने दुसऱ्या दिवसांत ती गिनती पुरी करावी. अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड करायचं नाहीये. मग म्हणाले, "ही सूट माणसांनी काढलेली नाही, ज्याने रोजा दिला त्यानेच दिली आहे. ती नाकारणं म्हणजे त्याची भेट परत करणं." हे बसून ऐकत होते. मी दाराशी उभी होते आणि मला वाटलं, हेच जर एक दिवस आधी कोणी सांगितलं असतं!

पुढे त्यांना इन्सुलिन लागलं, मूत्रपिंडही थकलंय, त्यामुळे आता रोजे कायमचे नाहीत. ते फिदया देतात. एका रोजाबद्दल एका गरजूला दोन वेळचं जेवण. पैसे देऊन मोकळं होता येतं, पण ते रोज स्वतः डबा घेऊन जातात. सहरीला आमच्याबरोबर उठतात, सुनेला भाकरी वाढतात आणि इफ्तारला, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडताना, आम्ही खजूर तोंडात टाकेपर्यंत स्वतःही थांबतात. (माहेरी आम्ही शाफई, सासर हनफी, हे धर्मनियमांचे दोन पंथ. फिदयाचं माप आणि असरची वेळ दोन्ही वेगळी. ज्याने त्याने आपल्या आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारावं.)

तर भाऊ, नाक खुपसणं वगैरे मनातून काढून टाका. तुम्ही त्यांना रोजा सोडा असं सांगणार नाही आहात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठेवू नका, एवढंच सांगायचंय, आणि ते आमच्या धर्माच्या आतलंच आहे.

---

राजेंद्रनगरचा डॉक्टर

वरच्या ताईंनी सगळं नेमकं लिहिलंय. मी फक्त गोळीबद्दल लिहितो.

ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. ते सहरीला पूर्ण डोसमध्ये घेतलं की दुपारनंतर साखर खाली जाणार. घाम, थरथर ही तीच लक्षणं. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. मोठा डोस इफ्तारला नेऊन सहरीचा कमी करतात, किंवा गोळीच बदलतात. पण किती आणि कोणती हे त्यांच्या डॉक्टरांनी त्यांचे रिपोर्ट बघून ठरवायचं. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या असतील तर शरीरातलं पाणी कमी होण्याची भीती, तेही सांगावं. हे रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हायला हवं, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत.

2001 मध्ये 13 देशांत बारा हजारांवर मधुमेहींची पाहणी झाली, एपिडायर नावाची. टाइप 2च्या जवळपास 79 टक्के लोकांनी किमान 15 रोजे ठेवले होते. आणि साखर उतरून दवाखान्यात न्यावं लागण्याचं प्रमाण त्यांच्यात रमजानमध्ये इतर महिन्यांच्या साडेसात पट झालं होतं. लोक ठेवणारच आहेत, हे धरून डॉक्टरांनी बोलावं. नुसतं 'ठेवू नका' म्हटलं की ते पुढच्या वेळी विचारतच नाहीत.

साखर 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली की रोजा तिथेच सोडायचा, मगरिबला पाच मिनिटं असली तरी.

---

दवाबाजारवाला, इंदूर

आपा, तुमचं उत्तर मी दुकान बंद झाल्यावर शटरशी उभं राहून वाचलं. चमच्याचा भाग बायकोला वाचून दाखवला, पुढे वाचता येईना.

एक शंका राहिली. भाईजान मागच्या वर्षी म्हणाले होते की बोटाला टोचलं, रक्त आलं की रोजा तुटतो, म्हणून रमजानमध्ये ते साखर तपासतच नाहीत. हे खरं का? आणि सुरुवात कशी करू? मी त्यांच्यापुढे लहान आहे.

---

चिपळूणची लेक

नाही तुटत. आमच्या इमामसाहेबांनी त्याच रात्री सांगितलं होतं, आणि बहुतेक आलिमांचं मत तेच आहे. बोटातून थेंब काढल्याने रोजाला काही होत नाही. इन्सुलिनच्या सुईनेही नाही, कारण ते काही अन्न नाही. या एका गैरसमजाने किती माणसं अंधारात रोजे ठेवतात! तुमच्या दुकानात जो जो मशीनच्या पट्ट्या न्यायला येईल त्याला हे सांगाल तर मोठं काम होईल.

सुरुवात तुमच्या सोमवारापासून करा. त्यांना सांगा की पैगंबरसाहेब सोमवारी आणि गुरुवारी रोजा ठेवत हे मला कळलं, माझाही उपास सोमवारचाच. त्यांना बरं वाटेल, बोलायला लागतील. मग मागच्या वर्षीच्या घामाची गोष्ट काढा. मला भीती वाटली होती, असं सरळ सांगा. मोठ्या माणसाला उपदेश आवडत नाही, पण धाकट्याला आपली काळजी वाटते हे कोणाला नकोसं होत नाही. तरीही ऐकलं नाही तर त्यांच्या मशिदीच्या इमामांना जाऊन भेटा. बिनदिक्कत जा, चहा पाजतील.

---

दवाबाजारवाला, इंदूर

आज बोललो. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा. सोमवारचं ऐकून ते हसले, म्हणाले हे तुला कोणी सांगितलं? मग घामाचं काढलं. बराच वेळ बिलबुक उलटत राहिले. शेवटी म्हणाले, त्या दिवशी घरी जाताना रीगलच्या चौकात सिग्नल दिसत नव्हता, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. मीही बरोबर यावं म्हणाले. 185वी आयत त्यांना पाठच होती. त्यांनीच मला अरबीत म्हणून दाखवली, आणि मग म्हणाले, ही माझ्यासाठी पण आहे असं कधी वाटलं नव्हतं.

मशीन त्यांच्याकडे आहे, कपाटात पडून. पट्ट्या मी देतो म्हटलंय.

---

चिपळूणची लेक

अल्हमदुलिल्लाह. डोळे भरून आले वाचून. ह्यांनाही वाचून दाखवलं, ते म्हणाले त्या भाईजानना माझा सलाम सांग.

पट्ट्या नव्या द्या. मागच्या वर्षीची उघडी डबी त्या कपाटात असेल तर ती टाकून द्या. डबी एकदा उघडली की काही महिन्यांतच पट्ट्या बिघडतात आणि आकडा चुकीचा दाखवतात. मशीनचा सेलही बदला. आणि गुरुवारी जाल तेव्हा गोळ्यांची पानं बरोबर न्या, नुसती नावं सांगू नका. एकाच नावात वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या असतात, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.